हिवऱ्याचे डॉक्टर गिब्सन

नारायणगांवाजवळील हिवरें येथें औषधी वनस्पतींची बाग करणारे डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन सन १८०० मध्यें स्कॉटलंडांतील लॉरेन्सकर्क गांवीं जन्मले. त्या देशांत जन्ममृत्यूची सरकारी नोंद सन १८५५ पासून सुरू झाली. तत्पूर्वींच्या पिढ्यांचे बाप्तिस्मे व विवाह मंडळीच्या वह्यांतच शोधावे लागतात.

एडिंबरो येथें वैद्यकी शिकून गिब्सन सन १८२५ मध्यें कंपनीच्या चाकरीस लागले. म्हणून सन १८४१ च्या स्कॉटलंडच्या खानेसुमारींत त्यांस शोधणें व्यर्थ होय. येथें त्यांनीं दक्षिणेंत व खानदेशांत देवी टोंचविल्या, सन १८३८ पासून दापोडीची बाग सांभाळली, व सन १८४७ मध्यें ते मुंबई इलाख्याचे पहिले वनाधिकारी झाले. डोंगर उघडे पडले म्हणजे झरे आटतात, हें त्यांनीं सरकारास बजाविलें. सन १८६७ मध्यें ते निवर्तले. अशा चाकरांचे विवाह, दफन व मृत्युपत्रें यांच्या नकला मुंबईहून लंडनास जात. त्यांवरून वंशजांस माग लागतो.

बाबेलाहून परतलेल्या कित्येकांचीं नांवें वंशावळींत न सांपडल्यामुळें ते याजकपणास मुकले, हें एज्राच्या पुस्तकांत आपण वाचतों. आपल्या पूर्वजांच्या नकला तर लंडनास गेल्या नाहींत. जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. घरें गेलीं, ओटे गेले. अशा वेळीं मंडळीची वही हाच आधार. यास्तव, उपदेशक बंधूंनो, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद त्याच दिवशीं करा, आणि आईबापांचीं पूर्वींचीं नांवें व मूळ गांव लिहिण्यास संकोचूं नका, अशी आमची विनंती आहे.