विश्लेषण : ‘फोकस’ नसलेल्या फोटोंवर टीकेचा भडिमार, तरी ज्युलिया कॅमेरॉन यांनी शैली का बदलली नाही?

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची छायाचित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जपली जातात. हयातीत मात्र त्यांना सर्वाधिक बोलणी खावी लागली ती छायाचित्रकारांचीच. फोकस नाही, काचेवर डाग आणि ओरखडे आहेत, या तक्रारी खोट्याही नव्हत्या. त्यातले काय त्यांनी मनावर घेतले आणि काय नाही?

कॅमेरा हाती कसा आला?

ज्युलिया यांचा जन्म ११ जून १८१५ रोजी कोलकात्यातला. वडील ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी. पती चार्ल्स कायदेपंडित होते. १८४८ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेले आणि १८६० मध्ये आयल ऑफ वाइट बेटावरील फ्रेशवॉटर गावी स्थिरावले. शेजारी कवी टेनिसन राहत. डिसेंबर १८६३ मध्ये मुलगी आणि जावयाने विरंगुळा म्हणून त्यांना कॅमेरा भेट दिला. तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. कोळशाच्या खोलीची डार्करूम झाली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ.

छंद सोपा नव्हता. काचेवर कलोडियनचे चिकट द्रावण पसरायचे, ते ओले असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच रसायनांत धुवायचा. समोरच्या माणसाने कित्येकदा मिनिटांमागून मिनिटे न हलता बसायचे. जरासा हलला की चेहरा धूसर.

टीका नेमकी काय होती?

१८६४ मध्येच त्या लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सदस्य झाल्या आणि प्रदर्शनात फोटो मांडू लागल्या. पुढच्याच वर्षी सोसायटीच्या नियतकालिकाने त्यांच्या धाडसाला दाद दिली. पण त्यापायी छायाचित्रणाचे बाकी सारे गुण गमावल्याचा शेराही मारला. रेखीवपणा हीच तेव्हा हौशी मंडळींची कसोटी होती.

‘अ‍ॅलिस’चे लेखक लुईस कॅरॉल हेही हौशी छायाचित्रकार. १८६४ मध्ये फ्रेशवॉटरला दोघांनी एकमेकांचे फोटो पाहिले. ज्युलिया यांना वाटले, कॅरॉल यांच्या फोटोंतली काही माणसे आपल्याला फोकसबाहेर टिपायला मिळायला हवी होती. कॅरॉल यांनीही त्यांच्या काही माणसांबाबत नेमकी उलटी इच्छा बोलून दाखवली! मत स्पष्ट, पण तोंडावर आणि हसतखेळत सांगितलेले.

मग त्यांनी ऐकले कोणाचे?

खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल हे त्यांचे १८३६ पासूनचे स्नेही. फोटो टिकवणाऱ्या ‘हायपो’ रसायनाचा उपयोग शोधणारे हेच. टीकेने दुखावलेल्या ज्युलिया यांनी १८६४ च्या अखेरीस त्यांनाच पत्र लिहून विचारले, की खरा फोकस कोणता हे ठरवण्याचा हक्क कोणाला? सुरुवातीचा धूसरपणा निव्वळ योगायोग होता, हे त्यांनी पुढे आठवणींत मोकळेपणाने मान्य केले. लेन्स फिरवताना जे सुंदर दिसले तिथेच त्या थांबत. इतर मंडळी मात्र पुढे रेखीवपणापर्यंत जात.

दुसरे सल्लागार चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स. कौतुकासोबत ते उणिवाही कळवत. महागडे, चौकटीला लावलेले फोटो पाठवू नका, बिघडलेल्या सुट्या प्रती पाठवा. पारख तेवढीच नीट होईल, असे त्यांनी कळवले होते. स्वतःच्या चुका कोणाला दाखवाव्यात, हा प्रश्न त्यामुळे सुटला.

हा मामला केवळ मानापमानाचा नव्हता. सिलोनमधील कॉफीच्या मळ्यांतून पैसा पुरेसा येत नव्हता, म्हणून त्या कोलनाघी या दुकानामार्फत फोटो विकत. साउथ केन्सिंग्टन म्युझियमचे प्रमुख हेन्री कोल यांनी १८६५ मध्ये ते विकत घेतले आणि १८६८ मध्ये स्टुडिओसाठी तिथल्या दोन खोल्याही दिल्या.

चूक मान्य करायची वेळ आली तेव्हा?

१८६९ मध्ये त्यांच्या मौल्यवान काचांवरचा थर तडकू लागला. ज्युलिया यांचा संशय कलोडियन आणि वॉर्निशवर होता. ज्या सोसायटीने नावे ठेवली, तिच्याच सदस्यांपुढे त्यांनी ही अडचण मांडली. उत्तर रोखठोक होते: बेटावरची दमट हवा किंवा काचा पुरेशा न धुणे. फोकसचा वाद आवडीचा होता. काच धुतली की नाही, हा नाही. या बाबतीत सोसायटीचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नव्हते.

१८७५ मध्ये कुटुंब सिलोनला गेले. तिथे त्यांनी थोडेच फोटो काढले. २६ जानेवारी १८७९ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. तडे गेलेल्या काचांवरून काढलेल्या काही प्रती त्या तड्यांसकट आजही पाहायला मिळतात.