शक्यतांची मोजदाद करणारे भास्कराचार्य

महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे, असे आपण नेहमी म्हणतो. आमच्या ढोकीला तर तेर जवळच असल्यामुळे संत गोरोबाकाका आम्हाला घरच्या वडीलधाऱ्यांसारखे वाटतात. याच भूमीशी नाते असलेल्या एका थोर गणितज्ञाची ओळख मात्र आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना नावापुरतीच असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. वडील महेश्वर हे विद्वान ज्योतिषी. तेच त्यांचे गुरू. त्यांचे गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडवीड. हे गाव म्हणजे कोणी बीड मानतात, कोणी विजापूर, तर कोणी चाळीसगावजवळचे पाटण. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग.

लीलावतीची कथा सर्वांना ठाऊक आहे. ती भास्कराचार्यांची कन्या. लग्नाचा मुहूर्त पाहण्यासाठी घटिकापात्र पाण्यात सोडलेले. तिच्या दागिन्यातला मोती त्यात पडला, छिद्र बुजले, मुहूर्त टळला आणि लग्न राहिले. मग तिचे सांत्वन म्हणून वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. परंतु ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चा फारसी अनुवाद केला, त्यातून ती पसरली. मूळ ग्रंथात मुलीचे दुर्दैव नाही. तिला विचारलेली गणिते आहेत आणि ती सोडवील असा विश्वास आहे.

ग्रंथाच्या अखेरीस ‘अंकपाश’ हे प्रकरण येते. ३, ९ आणि ८ हे अंक घेऊन तीन अंकी संख्या किती होतील? पहिल्या जागी तिन्हींपैकी कोणताही, दुसऱ्या जागी उरलेल्या दोहोंपैकी एक, शेवटी एकच; म्हणून ३ × २ × १ = ६. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू अदलाबदल करून दिल्या तर मूर्तीचे प्रकार ३६,२८,८०० होतात! सहा रसांपासून किती प्रकारची चव होईल, याचेही गणित आहे. एकेक रस, दोन-दोन, तीन-तीन असे करत ६, १५, २०, १५, ६ आणि १, एकूण ६३.

आम्ही वर्गात शिकतो त्या छंदशास्त्राचाही येथे संबंध येतो. प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू. म्हणून सहा अक्षरांच्या चरणाचे ६४ प्रकार. नाणे सहा वेळा उडवले तरी छापा-काट्याचे प्रकार तेवढेच! दोन नाणी उडवली तर दोन छापे, दोन काटे आणि एकेक, असे तीनच प्रकार वाटतात. पण पहिले छापा-दुसरे काटा आणि पहिले काटा-दुसरे छापा हे वेगळे. म्हणून प्रकार चार आणि एकेक पडण्याची शक्यता निम्मी. संभाव्यतेचे शास्त्र युरोपात पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ मध्ये मांडले. पण आधी सर्व प्रकार मोजावेत, एकही सुटू नये आणि एकही दोनदा येऊ नये, ही त्याची पहिली पायरी ‘लीलावती’त आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. पुढे काय, असा विषय निघाला की पाहुणेमंडळी नशिबावर हवाला ठेवतात आणि मुलीच्या जातीला एकच वाट दाखवतात. ते मायेनेच बोलतात. पण अंकपाश समजून घेतल्यापासून मला वाटते, वाटा मोजल्याशिवाय एकच आहे असे कसे म्हणावे?

भास्कराचार्यांनी वयाच्या ६९ व्या वर्षी ‘करणकुतूहल’ लिहिले. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होते. नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापन केला, इ. स. १२०७ च्या सुमाराचा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. १९७९ मध्ये भारताच्या उपग्रहालाही ‘भास्कर’ हे नाव मिळाले.

पण त्यांचे खरे स्मारक आकाशात नाही की दगडात नाही. मुलीला मुहूर्ताची वाट पाहायला न लावता मोजायला शिकवणारा तो ग्रंथ, हेच त्यांचे स्मारक होय. आपल्या ग्रंथालयात मराठी ‘लीलावती’ असेल तर प्रत्येक विद्यार्थिनीने ती एकदा तरी हाती घ्यावी.