विश्लेषण : उंची, वजन की दम? मोठ्या कुस्तीआधी आजही गामा का आठवतात?

जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर येणार म्हटल्यावर उंची, वजन, वय आणि तालीम यांची गणिते मांडली गेली. प्रत्यक्षात मिनिटभरातच राक्षे विजयी झाले. कोणत्याही मोठ्या कुस्तीआधी अशी तुलना होते. पण आकडे कुठवर उपयोगी पडतात? याचे उत्तर गामा पैलवानांच्या आयुष्यात सापडते.

गामा कोण होते?

मूळ नाव गुलाम मोहम्मद बक्ष बट. जन्म १८७८ चा, पंजाबमधील अमृतसर परिसरातील पैलवान घराण्यात. वडील लवकर गेले. आजोळच्या मंडळींनी तालमीत घडवले. १८८८ मध्ये जोधपूरला बैठका मारण्याची मोठी स्पर्धा झाली. तिच्यात दहा वर्षांचा गामा शेवटपर्यंत टिकणाऱ्या मोजक्या पैलवानांत होता. पुढे दतिया संस्थानाने त्यांना आश्रय दिला. त्या काळी खुराक, तालीम आणि कुस्तीचे इनाम हे सारे राजाश्रयावर चाले. त्यामुळे एक पराभव म्हणजे नाव आणि पोट दोन्हींवर गदा.

पहिला मोठा प्रतिस्पर्धी कोण?

गुजरांवालाचे रहीम बक्ष सुलतानीवाला. त्यांची उंची सात फुटांच्या जवळपास सांगितली जाते. गामा जेमतेम पाच फूट सात इंच. रहीम बक्ष अनुभवी, गामा कोवळे. कागदावर ही जोड एकतर्फी होती. तरीही पहिली कुस्ती बरोबरीत सुटली. हरले नाहीत एवढ्यावरच गामांचे नाव देशभर झाले.

लंडनमध्ये काय घडले?

१९१० मध्ये गामा धाकटे भाऊ इमाम बक्ष यांच्यासह लंडनला गेले. तिथे उंची कमी म्हणून त्यांना स्पर्धेत घेतले नाही. मग गामांनी कोणत्याही वजनाच्या मल्लाला जाहीर आव्हान दिले. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या बेंजामिन रोलरना हरवल्यावर पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांच्याशी जोड ठरली.

ही जोड कशी होती?

• वजन : झिबिस्को वीस किलोंहून अधिक जड.
• उंची : जवळपास सारखी.
• अनुभव : झिबिस्को युरोपात नावाजलेले, गामा तिथे अनोळखी.
• पद्धत : गामा मातीतले, कुस्ती मात्र गादीवर.

१० सप्टेंबर १९१० रोजी गामांनी सुरुवातीलाच झिबिस्को यांना खाली घेतले. झिबिस्को यांनी मग पोटावर पडून बचाव धरला. गादीला चिकटलेले ते जड शरीर उलटता येईना. अडीच तासांहून अधिक वेळ हेच चालले आणि कुस्ती बरोबरीत थांबवली गेली. आठवड्याने पुन्हा लढायचे ठरले, पण झिबिस्को आलेच नाहीत. विजेत्याचा जॉन बुल पट्टा गामांना मिळाला. मायदेशी परतल्यावर अलाहाबादला त्यांनी रहीम बक्ष यांच्यावर मात केली आणि ते रुस्तम-ए-हिंद ठरले.

महाराष्ट्राशी नाते काय?

१९०२ च्या युरोप दौऱ्यात राजर्षी शाहू महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले होते. त्या धर्तीवर त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. १९१२ मध्ये तिथली पहिली मोठी कुस्ती झाली ती इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. उत्तरेचे मल्ल इथल्या मातीत उतरू लागले तसा इथल्या तालमींचाही कस लागला. आजही फुशारकी मारणाऱ्याला स्वतःला गामा समजतोस का, असे मराठीत सहज विचारले जाते.

फेरलढतीत काय झाले?

त्यासाठी सतरा वर्षे जावी लागली. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले. मधल्या काळात झिबिस्को अमेरिकेत व्यावसायिक जगज्जेते झाले होते. दोघांचेही वय पन्नाशीकडे झुकलेले. या वेळी आखाडा मातीचा होता. गामांनी मिनिटभराच्या आत त्यांना चितपट केले.

अखेरची वर्षे कशी गेली?

फाळणीनंतर गामा पाकिस्तानात राहिले. संस्थाने गेली, तसा राजाश्रयही आटला. शेवटचा काळ आजारपणात आणि पैशांच्या ओढाताणीत गेला. २३ मे १९६० रोजी लाहोरमध्ये त्यांचे निधन झाले.

मग तुलना करताना काय पाहावे?

उंची आणि वजन आधी डोळ्यांत भरते. पण रहीम बक्ष यांच्या उंचीपुढे गामा टिकले आणि झिबिस्को यांच्या वजनापुढेही. लंडनमध्ये त्यांना अडवले ते बचावाच्या पद्धतीने. तोच प्रतिस्पर्धी मातीत मिनिटभरही टिकला नाही. म्हणून पुढची मोठी जोड ठरेल तेव्हा वजनकाट्याबरोबर तीन गोष्टी पाहाव्यात : कुस्ती माती की गादीवर, लांबली तर दम कोणाचा, आणि समोरचा लढायला येतोय की वाचायला.