बाबू हरदास आणि क्षयाचा अपुरा हिशेब

जयभीम हे अभिवादन आज कोट्यवधींच्या तोंडी आहे. ते रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे मात्र अवघी पस्तीस वर्षे जगले. ६ जानेवारी १९०४ रोजी कामठीत त्यांचा जन्म झाला आणि १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचा बळी घेतला. कन्हान नदीच्या काठी त्यांची समाधी आहे.

कामठी-नागपूर परिसरातील पुष्कळ दलित कुटुंबांचा निर्वाह त्या काळी बिडीवर चाले. ठेकेदार पाने आणि तंबाखू मोजून देई, तयार मालातून मनास येईल तितक्या बिड्या छाटी आणि उरलेल्यांचीच मजुरी देई. कोंदट जागेत, तंबाखूच्या धुळीत दिवसभर वाकून बसणाऱ्यांच्या पदरी पोटापुरतेही पडत नसे. हरदासांनी या कामगारांचा संघ बांधला. मधला ठेकेदार वगळण्यासाठी सहकारी तत्त्वावर बिडी-उत्पादनाचा प्रयोगही केला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून आले. ती कारकीर्द दोन वर्षांतच मृत्यूने संपविली.

क्षयाचा जंतू १८८२ सालीच रॉबर्ट कॉख यांनी दाखविला होता. परंतु हरदासांच्या हयातीत त्यावर गुणकारी औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न हाच काय तो उपाय, आणि तोच मजुराला परवडत नव्हता. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले. पण ते एकटे दिल्यास काही महिन्यांतच जंतू त्याला जुमानीनासे होतात, असे लवकरच आढळले. एकाच वेळी अनेक औषधे आणि तीही पूर्ण मुदतीपर्यंत घेणे, हा धडा वैद्यकाने तेव्हा घेतला.

आज प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्या शरीरात क्षयाबरोबरच त्याच्या भाऊबंद जंतूंनाही वाव मिळतो. हे जंतू माती-पाण्यात वसतात, सूक्ष्मदर्शकाखाली क्षयजंतूसारखेच दिसतात, पण क्षयाच्या अनेक औषधांना दाद देत नाहीत. संवर्धन-चाचणीवाचून निदान चुकते आणि रोगी नको ती औषधे घेत राहतो. योग्य उपचारही बहुधा वर्षभर चालतो. तो एकाच औषधावर रेटला तर तेही निकामी होते.

रोजंदारीच्या माणसाच्या लेखी वर्षभर दवाखान्याच्या फेऱ्या म्हणजे तितक्या दिवसांची बुडालेली मजुरी होय. औषध फुकट मिळाले तरी हा खर्च उरतोच. अर्धवट सोडलेल्या उपचाराला निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे. पुष्कळदा तो रिकाम्या खिशाचा निर्णय असतो. क्षयरुग्णांच्या पोषणासाठी शासनाने २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ केला आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये केली, हे स्वागतार्हच आहे. परंतु क्षयाच्या भाऊबंद जंतूंनी ग्रासलेला मजूर क्षयरुग्ण या व्याख्येत बसत नाही. त्याची भूक मात्र तीच असते.

हरदासांनी मजुरीचा प्रश्न हाती घेतला होता आणि त्यांचा अंत क्षयाने झाला. या दोन गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत मांडण्याची आपली सवय आहे. रोग्याच्या घरात मात्र त्यांची वही एकच असते. अचूक निदान आणि उपचारकाळातील मजुरीची भरपाई ही दोन्ही कलमे त्या वहीत पडल्याखेरीज कन्हानकाठच्या समाधीवर वाहिलेली फुले कोरडीच राहतील.