पीएर द फेर्मा

फ्रान्सांतील तूलूझ येथें पीएर द फेर्मा हे १६३१ पासून न्यायसभेचे सभासद होते; गणित हा त्यांचा फावल्या वेळचा व्यासंग. डायोफँटसचा ग्रंथ वाचतांना सुचलेले सिद्धांत ते समासांतच टिपीत. ज्या काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पूर्णांक असतात, त्याचें क्षेत्रफळ कधींही वर्गसंख्या नसतें. ३, ४, ५ चें ६ येतें, ५, १२, १३ चें ३०. याची सिद्धता त्यांनीं तेथेंच लिहिली. परंतु दोन घनांची बेरीज घन होत नाहीं, पुढील घातांसही हाच नियम, याची सिद्धता समास अपुरा म्हणून राहिली. १६६५ त ते निवर्तले. पुत्र साम्युएल यानें १६७० त तीं टिपणें छापलीं, म्हणून वांचलीं. राहिलेली सिद्धता अँड्र्यू वाइल्स यांनीं १९९५ त प्रसिद्ध केली. विद्यार्थिमित्रहो, सुचलेलें वेळींच पुरतें लिहून ठेवावें.