तोफांचे नांगर करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर



आमच्या घरी माळ्यावर आजोबांचं एक जुनं हत्यार पडून होतं. आजोबा पूर्वी भाईंदरच्या मिठागरात कामाला जायचे. तिथे मीठ ओढून गोळा करायला ते लांब दांडा लावलेली एक फळी वापरत. खाऱ्या पाण्यात लोखंड लवकर गंजतं, म्हणून ती सगळी लाकडाची. आजोबांचं काम सुटलं आणि फळी माळ्यावर गेली. दिवाळीच्या साफसफाईत आईने ती खाली काढली आणि शेजारच्या काकूंना बंबात घालायला देऊ का, असं विचारलं. आजोबा काहीच बोलले नाहीत. पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

त्याच आठवड्यात गुरुजींनी आम्हाला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. ती मी तुम्हाला सांगते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. पुस्तकी अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे पाहणे यांची मात्र भारी आवड. म्हणून ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. पण तिथे कळले की त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत. ज्याला चित्रकार व्हायचे आहे त्याला रंगच दिसू नयेत, म्हणजे केवढे दुःख! दुसरा एखादा रडत घरी गेला असता. लक्ष्मणराव रडत बसले नाहीत. यंत्रांची चित्रे काढायला रंग कुठे लागतात? ते यंत्रांचे आराखडे काढायला शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तेच शिकवूही लागले.

१८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत. गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही तेच शिकवत. पुढे मुंबईची नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले. तिथे त्यांनी गुरांचा कडबा कापायचे यंत्र बनवले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला.

पण नांगर कुणी घेईना! लोखंडाने जमिनीला विष चढेल आणि पीक येणार नाही, असे शेतकऱ्यांना वाटे. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. बघा हं, दोन वर्षे! तरी लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. शेतकरी काय म्हणतात ते ऐकून ते नांगरात सुधारणा करीत राहिले.

मग आणखी एक संकट आले. बेळगावातली कारखान्याची जागा त्यांना सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली. आता ते ठिकाण सांगली जिल्ह्यात आहे. जमीन कसली, नुसता माळ! निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट. १९१० साली कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे गेले. निवडुंग तोडला, घरे बांधली, कारखाना उभा केला. हेच किर्लोस्करवाडी गाव. तिथे शिवाशिव पाळायची नाही, असा त्यांचा नियम होता. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांनाही त्यांनी कामावर घेतले आणि रात्रीच्या पहाऱ्याला ठेवले. ज्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हते, त्यांच्या हाती त्यांनी राखण दिली.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारे लोखंड मिळेनासे झाले. कोळसा नाही, रंग नाही. आता कुठे शेतकरी नांगर मागू लागले होते आणि कारखाना बंद पडायची वेळ आली. तेव्हा लक्ष्मणरावांना किल्ल्यांवर पडलेल्या जुन्या तोफा आठवल्या. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना आपल्या संस्थानातल्या निकामी तोफा दिल्या. त्या भट्टीत वितळल्या, तो रस वाळूच्या साच्यात ओतला आणि त्याचे नांगर झाले. माणसे मारायला ज्या लोखंडाच्या तोफा केल्या होत्या, ते लोखंड धान्य पिकवू लागले!

मी गुरुजींना विचारलं, मग आपणही घोडबंदर किल्ल्यावरच्या जुन्या वस्तू आणायच्या का? गुरुजी हसले. ते म्हणाले की आता किल्ल्यावरचा दगडही हलवायचा नाही, तो आपला ठेवा आहे. आपण आपल्या घरातली अडगळ बघायची.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ साली, त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

घरी येऊन मी ही सगळी गोष्ट आजोबांना सांगितली. तोफेचा नांगर झाला तरी लोखंड तेच राहिलं ना, असं मी त्यांना विचारलं. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग उठले आणि स्वतःच माळ्याकडे बोट दाखवून बाबांना करवत काढायला सांगितली.

बाबांनी मोडक्या खोक्यातले खिळे उपटले. मी ते दगडावर ठेवून हातोडीने सरळ केले. दोन खिळे वाकडेच राहिले आणि एकदा माझं बोटही चेचलं. मीठ ओढायच्या फळीची आमची पुस्तकांची फळी झाली. जुन्या ट्रंकेच्या पत्र्याचे दोन तुकडे कापून, दुमडून तिला खालून आधार दिला. दांड्याचे तुकडे करून भिंतीला खुंट्या केल्या. दांड्याचा एक भाग आजोबांच्या हाताने झिजून अगदी गुळगुळीत झाला होता. तो त्यांनी कापू दिला नाही. त्याची अख्खी खुंटी केली आणि तिच्यावर आता माझं दप्तर असतं. नवीन काहीच विकत आणलं नाही.

शाळेतून आल्यावर मी दप्तर अडकवते, तेव्हा आजोबा बघत असतात. कधीकधी मग मिठागरातल्या गोष्टी सांगतात. पूर्वी सांगत नव्हते.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर काहीतरी पडलं असेल. टाकण्याआधी एकदा घरातल्या मोठ्यांना विचारा, ते कुणाचं आहे आणि त्याचं आता काय करता येईल.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी