संकटातल्या सुलतानाशी करार

वसईचा किल्ला म्हटला, की आगाशीपासून वटार-नाळ्यापर्यंतच्या साऱ्या पट्ट्याला चिमाजीअप्पांचा १७३९ सालचा विजय आठवतो. हा किल्ला उभारण्याचा घाट घालणारा पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा मात्र विस्मृतीत गेला.

दर्यावर्दी त्रिस्तांव द कुन्हाचा हा पुत्र १५२९ मध्ये हिंदुस्थानात आला, तो दीव बंदर हस्तगत करण्याची कामगिरी घेऊनच. १५३१ मध्ये त्याची दीववरची स्वारी फसली. १५३३ मध्ये त्याने वसईवर हल्ला करून तेथील तटबंदी पाडली. परंतु परमुलखात कायमचे पाय रोवायला नुसती तोफ पुरत नाही. स्थानिक सत्तेची संमती लागते. ती त्याला हुमायूनने मिळवून दिली, अर्थात नकळत. मोगलांच्या धास्तीने गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई, तिच्या ताब्यातील मुलूख आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईस येऊन परवाना घ्यावा व जकात भरावी, हेही ठरले. पुढल्या वर्षी हुमायूनने चांपानेर जिंकले, तेव्हा सुलतानाने दीवलाही किल्ला बांधू दिला. १५३६ मध्ये वसईचे बांधकाम सुरू झाले.

खरा धोका येथेच होता. हा करार सुलतानाच्या राज्याशी कमी आणि त्याच्या भीतीशी अधिक झाला होता. शेरखानाच्या उठावामुळे हुमायूनला माघारी वळावे लागले, भीती ओसरली आणि बहादुरशाहला दिलेली सवलत सलू लागली. फेब्रुवारी १५३७ मध्ये दीवच्या समुद्रात कुन्हाची भेट घेऊन परतताना झालेल्या चकमकीत सुलतान मारला गेला. कट कोणाचा, यावर एकमत नाही. पण करारावर सही करणारा गेला आणि मागे वैर उरले. १५३८ मध्ये सुलेमान पाशाचे तुर्की आरमार सुएझहून दीववर चालून आले, गुजरातचे सैन्यही वेढ्यात उतरले. आंतोनियो द सिल्वेराने किल्ला कसाबसा राखला. त्यात पोर्तुगीजांची मनुष्यहानी मोठी झाली.

वेढा चालू असतानाच कुन्हाच्या जागी गार्सिया द नोरोन्हा हा नवा व्हाइसरॉय गोव्यात दाखल झाला. लिस्बनला त्याच्या अटकेची तयारी झाली होती, असे सांगितले जाते. ती वेळ आली नाही. परतीच्या वाटेवर, १५३९ मध्ये, कुन्हा जहाजावरच वारला आणि त्याचा देह समुद्राच्या स्वाधीन करण्यात आला. वसईचा किल्ला त्यानंतर दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे राहिला.